मामांच्या गाळ्यावरचा हॅशमॅप

पंचवटीच्या मार्केट यार्डात आमच्या मामांचा भाजीपाल्याचा गाळा आहे, शेतकऱ्यांनी घेतलेल्या उचलीचा हिशोब कोणीतरी करून दिलेल्या जावाच्या छोट्या प्रोग्रामवर चालतो. शेतकऱ्याचं नाव ही की (key, जिच्यावरून नोंद शोधायची), बाकी ही व्हॅल्यू, सगळं एका हॅशमॅपमध्ये, म्हणजे अशा जोड्या ठेवणाऱ्या टेबलात. मामा म्हणाले, "अरे, हिशोबाच्या पट्ट्या करायला बसलं की कधी कधी बंद पडतंय हे, बघ ना तेवढं."

कधी कधी, हाच तर ताप! रोज पडलं असतं तर लगेच सापडलं असतं. कोड उघडला तर कीसेटवर (सगळ्या कींच्या संचावर) लूप, म्हणजे एकेक नाव घेत फेरी, प्रत्येक नावाला परत गेट करून बाकी काढायची आणि बाकी शून्य दिसली की लूप चालू असतानाच मॅपमधून रिमूव्ह. मग कॉन्करन्टमॉडिफिकेशनएक्सेप्शन (फेरी चालू असताना मॅप बदलल्याची एरर) येणारच ना. नावावरून थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) भानगड वाटते पण एकच थ्रेड असला तरी येतो. मग काही दिवस सुरळीत कसं चालायचं? डीबगर (कोड पायरीपायरीने चालवून बघायचं साधन) लावून बघितलं तर मॅप बदलला का याची तपासणी होते ती लूप पुढचं नाव मागतो तेव्हा, आणि शून्यवाला शेतकरी नेमका शेवटी आला तर पुढचं मागायचंच नसतं, लूप गपचूप संपतो. हॅशमॅपमध्ये शेवटी कोण येईल ते आपल्या हातात नाही.

मग एन्ट्रीसेट (जोड्यांचा संच) घेतला, त्यात की आणि व्हॅल्यू एकाच फेरीत मिळतात, बाकी बदलायची तर तिथेच सेटव्हॅल्यू. काढून टाकायचं काम एन्ट्रीसेटच्या रिमूव्हइफवर (अट जुळेल ते काढणारी मेथड), एका ओळीत, जावा 8 पासून म्हणजे 2014 पासून आहे हे. त्याआधी इटरेटरच्याच (फेरी पुढे नेणाऱ्या ऑब्जेक्टच्या) रिमूव्हने करायचे, तेही चालतं. फॉरईच पण आहे, त्याला प्रत्येक जोडीवर चालवायचा लॅम्डा (छोटं निनावी फंक्शन) द्यायचा, पण लॅम्डाच्या आतून बाहेरच्या साध्या लोकल टोटलमध्ये बेरीज करायला गेलं की कंपायलर अडवतो, म्हणून बेरजेला मला आपला फॉर लूपच बरा.

मामांची दुसरी तक्रार, यादीचा क्रम मधेच बदलतो. बदलणारच, हॅशमॅपचं टेबल सुरुवातीला 16 खणांचं, 12 च्या वर नावं गेली की 32 चं होतं आणि नावं इकडची तिकडे. ट्रीमॅप लावून अक्षरांच्या क्रमाने दाखवलं तर म्हणे, "नको, गाडी आली तशीच नावं पाहिजेत." लिंक्डहॅशमॅप टाकला, तो नावं घातली त्याच क्रमाने ठेवतो, मामा खूश.

आता की म्हणून नावाऐवजी मोबाईल नंबर घ्यायचाय, कारण दिंडोरीकडचे एकाच नावाचे दोघं आहेत आणि दुसऱ्याचं पुट केलं की पहिल्याची बाकी पुसली जाते, एरर वगैरे काही नाही. मामांना नंबर गोळा करायला सांगितलंय, बघू कधी होतंय ते.