नकाराधिकार नसलेला राष्ट्राध्यक्ष

बोअर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले मुख्यतः डच वंशाचे गोरे वसाहतकार. बोअर राष्ट्राध्यक्ष म्हटलं की त्यांच्या ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे क्रूगर आठवतात. पण शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेट या दुसऱ्या बोअर प्रजासत्ताकाचं हे पद मला जास्त अभ्यासण्याजोगं वाटतं, कारण त्याला कागदावर फारच थोडे अधिकार होते.

१८५४ च्या घटनेनुसार अध्यक्षाची मुदत पाच वर्षांची, आणि पुन्हा निवडून येण्यावर बंधन नव्हतं. फोल्क्सराड, म्हणजे एकसदनी विधिमंडळ, नावांची शिफारस करी आणि मतदार निवड करत. मतदार म्हणजे फक्त गोरे पुरुष; बहुसंख्य आफ्रिकी जनतेला त्यात स्थान नव्हतं. अध्यक्ष सभागृहात बसू आणि बोलू शके, पण मत देऊ शकत नसे. सभागृहाने केलेला कायदा तो अडवू शकत नसे आणि सभागृह बरखास्तही करू शकत नसे. युद्ध पुकारायलाही सभागृहाची संमती लागे.

सभागृह बिथरलं तर अध्यक्षाची खुर्ची जाई. पहिले अध्यक्ष हॉफमन यांनी शेजारच्या बासुतो लोकांचा राजा मोशोएशो याला बंदुकीची दारू भेट दिली, आणि १८५५ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. मार्टिनस प्रिटोरियस तर ट्रान्सवालचे अध्यक्ष असतानाच १८६० मध्ये इथेही अध्यक्ष झाले. दोन प्रजासत्ताकं जोडायचा हा प्रयत्न ट्रान्सवालच्या सभागृहाने हाणून पाडला: एकच पद ठेवा, असं त्यांना सांगितलं गेलं.

पदाला खरं वजन आणलं केप टाउनच्या वकील योहानेस ब्रँड यांनी. १८६४ पासून १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते अध्यक्ष होते. मत नसलं तरी बोलण्याचा हक्क होता, आणि इतकी वर्षं टिकलेल्या माणसाचा शब्द सभागृहात सहजासहजी डावलला जात नसे. हिऱ्यांचा प्रदेश ब्रिटिशांनी बळकावला, तेव्हा वाटाघाटी करून १८७६ मध्ये त्यांनी ९०,००० पौंड भरपाई मिळवली.

पुढे ब्रँड यांच्यानंतरचे अध्यक्ष राइत्झ यांच्या कारकिर्दीत, १८९१ मध्ये, हिंदी लोकांना तिथे स्थायिक होऊन व्यापार किंवा शेती करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. भारतीय वाचकाने हे पान उलटून पुढे जाऊ नये. हे निर्बंध १९८६ पर्यंत टिकले.

मुदतीच्या मध्येच पद रिकामं झालं तर कारभार सांभाळायला कुणीतरी लागे. ब्रँड यांच्या मृत्यूनंतर आणि पुन्हा राइत्झ यांच्या राजीनाम्यानंतर सरकारचे सचिव ब्लिग्नॉट हंगामी अध्यक्ष झाले. शेवटचे अध्यक्ष स्टाइन आजाराने खचून २९ मे १९०२ रोजी पायउतार झाले. दोन दिवसांनी, ब्रिटिशांशी चाललेलं बोअर युद्ध संपवणाऱ्या फ्रेनिखिंगच्या तहावर हंगामी अध्यक्ष म्हणून सेनापती डी वेट यांनी सही केली.