आमची वाटचाल : मागाच्या मोटारीपासून स्टिअरिंगच्या मोटारीपर्यंत

आमच्या दुकानाची सुरुवात गाड्यांपासून झाली नाही. सोलापूरच्या पूर्व भागात बाबा यंत्रमागाच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेलं वाइंडिंग काढून नवी तार गुंडाळायचे. आजूबाजूला चादरी-टॉवेलचे कारखाने. जळालेली मोटार घेऊन रोज कुणी ना कुणी दारात उभं असायचं. नुसती फिरवून दाखवलेली मोटार बाबांनी कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिली नाही. "रिकामी काय, कशीही फिरेल. माग जोडू, मग बघू," म्हणायचे आणि स्वतः कारखान्यात जाऊन पट्टा चढवून यायचे.

पुढे ओळखीचे माग एकेक करून थांबले. काम निम्म्यावर आलं, तेव्हा मी गाड्यांचे स्टार्टर आणि अल्टरनेटर दुरुस्तीला घ्यायला लागलो. होटगी रोडला छोटा गाळा भाड्याने घेतला. काही वर्षं त्यातच गेली.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगकडे, म्हणजे मोटारीच्या मदतीने हलकं वळणाऱ्या स्टिअरिंगकडे, मी वळलो ते एका चुकीमुळे. अक्कलकोटचे एक गुरुजी जुनी छोटी गाडी घेऊन आले. स्टिअरिंग मध्येच जड व्हायचं आणि डॅशबोर्डवर दिवा लागायचा. गाडी बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. मी बॅटरी बघितली, फ्यूज बघितला, मीटरवर 12 व्होल्ट दिसले. मग मोटार आणि सेन्सरसकट जुन्या बाजारातला कॉलम, म्हणजे स्टिअरिंगखालचा दांडा, आणून बसवला. आठ दिवसांत गुरुजी परत आले. आवाजही चढवला नाही, "जरा बघता का?" एवढंच म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा गाळ्यावर आले होते. त्यांनी विचारलं, "भार देऊन मोजलंस का?" मी मोजलं नव्हतं. इंजिन चालू ठेवून मुलाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायला लावलं आणि मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी स्टिअरिंग कंट्रोलरच्या अर्थवर धरली. एरवी शून्याजवळ असलेला आकडा दीड व्होल्टवर गेला. तिथे 0.2 च्या वर काही दिसायला नको. बॉडीला लागलेलं अर्थचं थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपी, आतून हिरवं पडलं होतं, तारेच्या दोन-चार काड्याच शाबूत होत्या. मीटरला तेवढ्या काड्या पुरतात. पण उभ्या गाडीत चाक वळवताना ही मोटार छोट्या गाडीतसुद्धा 40-50 अँपिअर ओढू शकते. तेवढा करंट त्या काड्यांतून जाणार कुठून? व्होल्टेज पडलं की कंट्रोलर मदत बंद करतो. थिंबल नवं लावलं, जागा घासून घेतली. काम संपलं. गुरुजींना कॉलमचे सगळे पैसे परत दिले.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी टायरची हवा, मग पुढची चाकं जॅकवर उचलून इंजिन बंद ठेवून हाताने वळवणं. तेव्हाही अडकलं तर दोष जॉइंटमध्ये किंवा चाकं वळवणाऱ्या रॅकमध्ये, वायरिंगमध्ये शोधून उपयोग नाही. नंतर चार्जिंग : इंजिन चालू असताना 13.5 ते 14.5 व्होल्ट. मग भारावर दोन्ही बाजूंच्या तारा, पॉझिटिव्हचीही, कारण मोठ्या फ्यूजचं बूड बऱ्याचदा तापून काळं पडलेलं असतं. बिघाडाचे कोड दाखवणारा स्कॅनर स्टिअरिंगचा कंट्रोलर वाचणारा लागतो; स्वस्तातला बहुतेक फक्त इंजिन वाचतो आणि "कोड नाही" सांगून मोकळा होतो.

एवढं सगळं बरोबर निघालं तरच सेन्सरकडे जातो. स्टिअरिंग आपणहून एका बाजूला ओढत असेल तर मला पहिला संशय टॉर्क सेन्सरचाच येतो, म्हणजे हाताचा जोर मोजणाऱ्या सेन्सरचा. पुष्कळ जुन्या गाड्यांत स्टिअरिंग मोकळं सोडल्यावर त्याचे दोन्ही सिग्नल 2.5 व्होल्टच्या आसपास असतात. वळवलं की एक चढतो, दुसरा उतरतो. मोटारीचे कार्बन ब्रश झिजलेले असले तर ते काम घरचंच.

एक गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. मदत गेली तरी चाकं स्टिअरिंगला जोडलेलीच असतात, गाडी वळते, फक्त जोर लागतो. घाबरून मधेच थांबू नका, वेग कमी करून कडेला घ्या. आणि सोलापूरच्या उन्हात अरुंद जागेत गाडी लावताना चाक दहा-वीस वेळा टोकापर्यंत फिरवलंत तर मोटार तापून स्टिअरिंग थोडा वेळ जड होतं. थंड झाल्यावर परत आलं तर त्यात बिघाड नाही.

आज पंढरपूर, मोहोळ, विजापूरकडच्याही गाड्या येतात. तपासणीचे पैसे वेगळे घेतो, दुरुस्ती इथे करा किंवा न करा. बाबांचं वाइंडिंगचं टेबल गाळ्यात आणलंय. त्यावर कॉलम आवळून दांड्याला ब्रेकचा ड्रम जोडलाय, म्हणजे गाडीत चढण्याआधी मोटारीला भार मिळतो. ड्रम किती आवळायचा ते अजून बाबाच ठरवतात.