माळ्यावरचे तीन बॉक्स

काल दुपारी जेवण करून जरा आडवा झालो तोच मेसेज आला. आपला सेट-टॉप बॉक्स जुना झाला आहे, एचडी चॅनल विनाअडथळा पाहण्यासाठी आजच अपग्रेड करा. खाली निळी लिंक. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या गच्चीवर छत्री लावून बसली आहे, एवढं पुरे.

बॉक्स जुना म्हणजे किती जुना? साडेचार वर्षांचा. माझा सोल्डरिंग गन त्याच्या आजोबाच्या वयाचा आहे आणि अजून तापतो.

मी टीव्ही मेकॅनिक. म्हणजे होतो. मिरजेतलं दुकान बंद करून सहा वर्षं झाली. त्यामुळे या विषयावर मी बोललो की हिला वाटतं, धंदा गेला म्हणून चिडतोय. तसं नाही. नवीन येतं त्याला माझी ना नाही. लाकडी शटरचे सेट गेले, पिक्चर ट्यूब गेली, मी प्रत्येक वेळी नवं शिकलो. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

1982 मध्ये मी पुण्यात एका दुकानात शिकाऊ होतो. त्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शन रंगीत झालं. पेठांमधली माणसं घाबरून दुकानात यायची, आता आमचा काळा-पांढरा बंद पडणार का? उस्ताद हसून सांगायचे, काही होत नाही, घरी जाऊन लावा. आणि खरंच काही झालं नाही. सिंहगडावरच्या टॉवरकडे तोंड केलेला तोच अँटेना, तोच सेट, आणि रंगीत कार्यक्रम काळ्या-पांढऱ्यात व्यवस्थित दिसायचा. रंगाची माहिती 4.43 मेगाहर्ट्झच्या एका वेगळ्या लहरीवर बसवून त्याच सिग्नलमध्ये मिसळलेली असायची. जुना सेट तिच्याकडे लक्षच द्यायचा नाही, आपला उजेड-अंधाराचा भाग उचलून घ्यायचा. फार जवळ जाऊन पाहिलं तर पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसायची. एक आजोबा तीच तक्रार घेऊन दोनदा आले होते. उस्तादांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, टीव्हीपासून दोन हात लांब बसा.

ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी त्या आजोबांचा सेट धरून विचार केला होता. ज्याला रंग हवा त्यानं नवीन घ्यावा, ज्याला नको त्याचा चालू राहील. हे जमवायला डोकं लागतं.

आता आमच्या माळ्यावर या. पहिला बॉक्स 2007 च्या दिवाळीत घेतला. नऊ वर्षांत एकदाच बिघडला, पॉवर सप्लायमधला कपॅसिटर फुगला होता. मी घरीच बदलला, खर्च एका चहाचा. मग 2016 मध्ये एका सकाळी पडदा काळा आणि वर पाटी, बॉक्स बदला. जो मुलगा बदलायला आला तो प्रामाणिक होता. म्हणाला, "काका, बॉक्स चांगला आहे हो, वरून सिग्नलच बदललाय."

बरोबर होतं त्याचं. चित्र दाबून लहान करून पाठवायच्या या दोन पद्धती: जुना बॉक्स एमपेग-2 मधलं चित्र उलगडायचा, नवा सिग्नल एमपेग-4 चा. यात तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत मावतं. उपग्रहावरची जागा भाड्याची असते आणि ते भाडं काही थोडंथोडकं नसतं. तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट चॅनल बसले तर कंपनीचा फायदाच आहे, आणि एचडीला जागा लागतेही जास्त. धंदा म्हणून मला हे कळतं. पण जागा वाचली त्यांची आणि भंगार साठलं आमच्या माळ्यावर. वर त्या मुलाच्या फेरीचे अडीचशे रुपये घेतले ते घेतलेच. मी नको म्हटलं असतं तरी टीव्ही काळाच राहिला असता, म्हणजे ही विक्री नव्हे, वसुली.

2021 मध्ये पोरानं पुण्याहून त्रेचाळीस इंची टीव्ही पाठवला. त्यावर साधं चॅनल म्हणजे पाचवारी ओढून-ताणून नऊवारी नेसल्यासारखं. 576 ओळींचं चित्र 1080 ओळींत पसरायचं, मग मालिकेतल्या सासूचा चेहरा मेणाचा दिसणार नाही तर काय! हिनं आठ दिवस सोसलं. मग मी फोन केला, मराठीसाठी दोन दाबलं, हिंदीत उत्तर मिळालं, एचडी पॅक सुरू झाला, रिचार्जमधून पैसे कापले गेले. पडद्यावर पाटी, या चॅनलसाठी एचडी बॉक्स आवश्यक. 2016 मध्ये जो बळंच गळ्यात मारला होता तो एचडीचा नव्हताच! पाच वर्षांत दुसरा बॉक्स माळ्यावर.

सांगलीत ओळखीच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचा वापरलेला एचडी बॉक्स पडून होता, चारशेला देत होता. उपयोग शून्य. एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या छत्रीला कुलूपबंद. मोबाईलचं सिम काढून कुठल्याही फोनमध्ये घालता येतं, इथं मात्र छत्री बदलली की बॉक्सही टाका. ट्रायनं, म्हणजे टीव्ही-फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, एप्रिल 2020 मध्ये, बॉक्स कुठल्याही कंपनीकडे चालला पाहिजे अशी शिफारस केली होती. मी त्याची छापील प्रत दुकानदाराला दाखवली. त्यानं ती वाचली, घडी घालून परत दिली आणि नवीन बॉक्सचे पंधराशे सांगितले.

2019 च्या दरपत्रकाचा तर वेगळाच मासला. पहिल्या शंभर चॅनलच्या नुसत्या जोडणीचे 130 रुपये, कर धरून 153 रुपये 40 पैसे, आणि त्या शंभरात एक एचडी चॅनल दोन म्हणून मोजायचं. पैसेवाल्या चॅनलचे पैसे वेगळे. हिनं हिशेब केला तेव्हा म्हणाली, "अहो, म्हणजे सासू एकच, पण मोजायच्या दोन?"

तर काल तो मेसेज. चालू बॉक्स एचडीच आहे, चित्र स्वच्छ आहे, कालच मी त्यावर अख्खी वनडे पाहिली. तरी तो जुना झाला, कारण नव्यात इंटरनेट चालतं. मी हिला वाचून दाखवला.

माळ्यावर दोन आहेत, हा तिसरा जाईल. पहिल्याचा 12 व्होल्टचा सप्लाय काढून मी गणपतीच्या मखरातल्या एलईडीला जोडलाय, तो दरवर्षी दहा दिवस कामाला येतो. ही म्हणाली, "मखर एकच आहे हो आपलं."

लिंक मी अजून दाबलेली नाही. संध्याकाळी परत मेसेज आला, या वेळी 'अंतिम सूचना' म्हणून.