रँचिटाच्या पुढे उतरायचं का?

शुक्रवार, रात्र

पुन्हा नकाशा उघडून बसले. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडच्या समुद्रकाठापासून डोंगरावरच्या रँचिटा गावापर्यंतचा सायकलने जायचा रस्ता आता तोंडपाठ झालाय. ओल्ड कॅसल रोड, लायलॅक रोड, व्हॅली सेंटर, मग ७६ नंबरच्या हायवेने लेक हेन्शॉ, तिथून थोडा ७९, थोडा एस-२ आणि शेवटी एस-२२. इथवर काही वाद नाही. वाद रँचिटाच्या पुढचा आहे. तिथे साडेबाराशे मीटरच्या आसपास असलेला रस्ता डोंगराच्या कडेकडेने वाळवंटात उतरतो, सोळा-सतरा किलोमीटरमध्ये जवळजवळ हजार मीटर, आणि बोरेगो स्प्रिंग्जला टेकतो. सायकल शर्यतवाले या उताराला ‘ग्लास एलेव्हेटर’, म्हणजे काचेची लिफ्ट म्हणतात. उतरायला काय, कोणीही उतरेल. मला दुसऱ्या दिवशी त्याच लिफ्टने वर यायचंय, आणि ही लिफ्ट पायाने चालवायची आहे.

शर्यत म्हणजे ‘रेस अक्रॉस अमेरिका’. ओशनसाइडहून सुटते आणि सुमारे ४,८०० किलोमीटर तोडून पूर्व किनाऱ्यावर पोचते. २०१५ मध्ये आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली, तेव्हा आईने फोनवर बातमी अशी सांगितली होती की जणू ते आमच्याच वाड्यातले. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. मी राहते त्या गावातून ती सुटते हे कळल्यापासून हा रस्ता डोक्यातून जात नाही. मला त्यांच्या पहिल्याच दिवसातला एक तुकडा हवाय, साधारण १४० किलोमीटरचा. फक्त तो मला दोनदा हवाय, जाऊन आणि येऊन.

रविवार

सकाळी लायलॅक रोडपर्यंत जाऊन आले. सियानोथस फुललाय, डोंगरउतारावर निळ्या-जांभळ्या फुलांचे पट्टेच्या पट्टे. बाकी सगळा चॅपराल, म्हणजे इथल्या कोरड्या डोंगरांवरचं दाट झुडपी रान: चमीसची झुडपं, मँझानिटाच्या तांबड्या गुळगुळीत फांद्या, खुरटे ओक, अधूनमधून युक्काचा उंच तुरा. लांबून मऊ हिरवी घोंगडी वाटते, जवळ गेलं की कळतं, माणसाला आत शिरायला वाट नाही. छातीएवढी उंची, काटक फांद्या एकमेकींत अडकलेल्या, आणि सावली शून्य. कसारा घाटात थांबायचं म्हटलं तर झाड असतं, टपरी असते, चहा असतो. इथे थांबलं तर उन्हातच थांबायचं. बायकांनी आडोसा शोधायचा तर तोही नाही, आणि एप्रिलपासून खडखड्या साप ऊन खायला बाहेर पडतात, त्यामुळे झुडपात पाय घालायची हौस आपोआप जिरते. (हे कुठल्याही प्लॅनमध्ये लिहिलेलं सापडत नाही. बाथरूम कुठे आहेत ते मी पाण्याच्या आधी नकाशावर टाकलं.)

महिना एप्रिल पक्का केला. हिवाळ्यात वर रँचिटाला बर्फाची शक्यता. जूननंतर बोरेगो म्हणजे भट्टी, चाळीस अंश तिथे विशेष मानत नाहीत. ऑक्टोबरमध्ये सुट्टी मिळत होती, पण तेव्हा सांता अ‍ॅना वारे सुटतात. वाळवंटाकडून समुद्राकडे येणारे, डोंगर उतरताना दाबाने तापणारे, हाडं कोरडी करणारे. चमीसच्या पानांत तेलकट राळ असते. उन्हाळाभर वाळलेल्या त्या झुडपाला ठिणगी लागली की संपलं. २००३ ची सीडर आग ऑक्टोबरातली, दोन लाख सत्तर हजारांवर एकर जळलं. २००७ ची विच आगही ऑक्टोबरातलीच, सांता इझाबेलजवळ लागलेली, म्हणजे माझ्या रस्त्यापासून काही फार लांब नाही. चॅपराल जळून पुन्हा फुटतो, बऱ्याच झुडपांना बुंध्यातूनच नवे धुमारे येतात. मला तशी सोय नाही.

सराटे इथेही आहेत! रस्त्याच्या कडेला तोच पसरट वेल, तीच पिवळी फुलं, तोच काटा. लहानपणी अनवाणी पायात घुसायचा, आता टायरमध्ये घुसतो. ट्यूबलेस टायर, आत भोक बुजवणारं सीलंट, शिवाय दोन ट्यूब पिशवीत. यावर चर्चा नाही.

पाण्याचं गणित व्हॅली सेंटरच्या पुढच्या रिंकनपर्यंत सोपं आहे. त्यानंतर लेक हेन्शॉचं दुकान आणि मग रँचिटा. रँचिटाला रस्त्याकडेला यतीचा मोठा पांढरा पुतळा उभा आहे, पण यती पाणी देत नाही. तिथलं दुकान उघडं असेल असं धरायचंच नाही. तासाला पाऊण लिटर धरलं तर हेन्शॉहून निघताना तीन लिटर अंगावर हवं. खाण्यात चिक्की, खजूर, मीठ-लिंबू-साखरेची पुडी. सायकलवाल्यांची एनर्जी जेल मला गिळवत नाहीत.

बुधवार, उशिरा

बाबांशी बोलले. त्यांना आकडे सांगितले. ते म्हणाले, “उतरणार किती वाजता ते नको सांगूस, चढणार किती वाजता ते सांग.” एसटीत पंचवीस वर्षं घाटातून गाडी काढलेला माणूस, दुसरं काय विचारणार?

त्या एका प्रश्नावर आख्खी संध्याकाळ गेली. बोरेगोहून वर येणारा रस्ता डोंगराच्या पूर्व अंगाला आहे. ऊन वर आलं की ते समोरच्या वाळवंटावरून थेट त्या कड्यावर पडतं आणि खडक तापायला लागतात. संध्याकाळी चढावं तर डोंगराची सावली मिळते खरी, पण वसंतात दुपारनंतर समुद्राकडचा वारा डोंगर ओलांडून वाळवंटात कोसळतो, म्हणजे चढताना अगदी तोंडावर. सहा टक्के चढ आणि समोरून वारा, नको. राहिली पहाट. माझा सगळ्यात हलका गिअर पुढे ३४ दात, मागे ३४. ताशी नऊचा वेग धरला तर दोन तास. सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवेल, म्हणून चारला निघायचं, दिवे लावून. ऊन कड्यावर पोचेल तोवर मी रँचिटाला.

म्हणजे उतरायचं. शनिवारी बोरेगो, रात्री तिथे मुक्काम, रविवारी पहाटे वर. घरी येताना ७६ वर समोरून वारा लागेल, रिंकनहून व्हॅली सेंटरचा चढ उन्हात पडेल, पाला गावावरून गेलं तर तो टळेल पण ट्रक अंगावरून जातील. चढ परवडला.

नवरा रविवारी दहाला लेक हेन्शॉला पाणी आणि थालीपीठ घेऊन थांबेल. मध्येमध्ये फोनला रेंज नसते, त्यामुळे बारापर्यंत मी दिसले नाही तर त्याने एस-२ वरून उलट शोधत यायचं, हे ठरलं. गाडीला सायकलचा रॅक लावायचा नाही अशी अट मी घातली आहे. ती त्याने अजून मान्य केलेली नाही.