एवढी चिडचिड कशाची, असे तुम्ही विचारलेत म्हणून

शिक्षण झाले, नोकरी लागली, घरात खाणारी तोंडे कमी आणि मिळवते हात जास्त, मग तुझी एवढी चिडचिड कशाची, हा प्रश्न मला मामा विचारतात, कार्यालयातले ज्येष्ठ सहकारी विचारतात आणि लग्नकार्यात भेटणारी दूरची मंडळीही विचारतात. त्यामागे काळजी असते हे मला कळते, म्हणून एकदा त्याचे नीट उत्तर द्यावे असे वाटते.

पाणी अवेळी येते, रस्ता जलवाहिनीसाठी खोदून बुजवला की महिन्याभरात केबलसाठी पुन्हा खोदला जातो, बसथांब्यापर्यंत चालत जायचे तर पदपथावर दुचाक्या उभ्या असतात आणि रस्त्यावर उतरावे लागते. ही यादी तुम्हालाही पाठ आहे. तुमच्या तरुणपणी पाणी, रस्ते आणि वाहने यांची स्थिती फार चांगली होती असे मी मानत नाही. फरक आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. तुम्ही सकाळी नगरसेवकाच्या दारात जाऊन त्याला चार शब्द सुनावू शकत होता, आणि तेवढ्याने काम झाले नाही तर पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवू शकत होता. माझ्या वाट्याला तो दरवाजाच आला नाही.

लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींसाठी मी 2019 आणि 2024 साली मतदान केले. ज्या संस्थेकडे माझा नळ, माझा कचरा आणि माझा पदपथ आहे त्या महापालिकेसाठी मात्र माझे पहिले मत 15 जानेवारी 2026 रोजी पडले. मी कोणत्या शहरात राहते हे इथे महत्त्वाचे नाही, कारण त्या दिवशी राज्यातल्या सर्व 29 महापालिकांचे मतदान एकदम झाले आणि त्यांतल्या बहुतेक शहरांनी माझ्याइतकीच वाट पाहिली होती. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे येथे त्याआधीचे मतदान फेब्रुवारी 2017 मध्ये झाले होते आणि तिथल्या सभागृहांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती. नवी मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद येथे तर आधीची निवडणूक एप्रिल 2015 मधली. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243-यू नुसार मुदत संपण्यापूर्वीच नव्या निवडणुका पार पडायला हव्यात. प्रत्यक्षात आधी कोरोना आला, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला, मग प्रभागरचना बदलली आणि सरकार बदलल्यावर ती पुन्हा बदलली. आरक्षणाचा वाद खरा होता आणि तो सुटायलाच हवा होता, पण त्यासाठी सगळ्या शहरांचे प्रतिनिधित्व वर्षानुवर्षे थांबवून ठेवणे मला आजही मान्य नाही.

त्या काळात शहरे प्रशासकांनी चालवली. आयुक्तांनीच अंदाजपत्रक मांडायचे आणि स्थायी समिती व मुख्यसभेचे अधिकारही त्यांच्याकडेच असल्यामुळे त्यांनीच ते मंजूर करायचे, अशी ती व्यवस्था होती. त्यांतले काही अधिकारी निःसंशय कर्तबगार होते. परंतु एखाद्या भागाची जलवाहिनी का रखडली, असा प्रश्न भर सभागृहात उभे राहून विचारणारा माणूसच नव्हता. आम्हा नागरिकांसाठी उरले मोबाईलवरचे तक्रारीचे ॲप. त्यावर छायाचित्र टाकायचे आणि काही दिवसांनी ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा संदेश वाचायचा, तेव्हा खड्डा मात्र जागच्या जागी असायचा. माझी चिडचिड त्या खड्ड्यापेक्षा त्या संदेशाची अधिक आहे.

याचे सर्वांत बोचणारे उदाहरण मला पुण्याचे वाटते. 30 जून 2021 रोजी भोवतालची 23 गावे महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली. गावांच्या ग्रामपंचायती संपल्या, म्हणजे सरपंच गेले. आणि नगरसेवक निवडून यायला 2026 उजाडले. या गावांत खडकवासला, नांदेड आणि किरकटवाडी आहेत. ज्या धरणाचे पाणी शुद्ध होऊन पुणे शहर पिते, त्या धरणाच्या पायथ्याशी असलेल्या या वस्त्यांना शुद्धीकरण प्रकल्पातून न गेलेले विहिरीचे पाणी मिळत होते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ असे आपण म्हणतो; इथे कोरड नव्हती, पण नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येत नव्हते. जानेवारी 2025 मध्ये याच पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमची साथ आली आणि पुणे परिसरात संशयित धरून दोनशेहून अधिक रुग्ण आढळले. हातापायांतले बळ अचानक जाते, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते, असा हा आजार. तिथे नगरसेवक असता तर साथ आलीच नसती, असा दावा मी करणार नाही. पण साडेतीन वर्षे पाण्यासाठी कोणीतरी सभागृह डोक्यावर घेतले असते, एवढे मी खात्रीने म्हणते.

मग परदेशी का जात नाहीस, असेही तुम्ही विचारता. माझ्या काही मैत्रिणी गेल्या, त्यांचे निर्णय मला समजतात आणि मी त्यांना दोष देत नाही. माझे आईवडील इथे आहेत, माझी भाषा इथे आहे, आणि मला जे हवे आहे ते अशक्य कोटीतले नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. माझ्या वयाच्या मुलीला एवढ्यासाठी देश सोडावा लागू नये.

आता नगरसेवक आले आहेत. मुंबई सोडली तर एका प्रभागात साधारण चार-चार, त्यामुळे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय आहेच. म्हणून आमच्या सोसायटीतल्या काही जणांनी मिळून आमच्या प्रभागातल्या चौघांनाही एकच पत्र दिले आहे. 2009 साली महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. आपल्या भागातल्या मतदारांनी एकत्र बसून कामे सुचवायची, अशी ती सभा. ती आमच्याकडे कधी झाल्याचे इथल्या जुन्या रहिवाशांनाही आठवत नाही. ती घ्यावी आणि त्यात पहिला विषय पाण्याच्या वेळापत्रकाचा असावा, एवढेच पत्रात मागितले आहे. चौघांपैकी एकाचे उत्तर आले आहे, बाकी तिघांकडे आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत. मामा, तुम्हाला सवड असेल तर तुम्हीही या. नगरसेवकाशी कसे बोलायचे हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.