काठातला पोपट आणि मधली रेघ

परवा नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या आमच्या दुकानात एक काकू आईची येवल्याची पैठणी घेऊन आल्या. लेकीच्या लग्नपत्रिकेला मागे काठावरची मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षीच हवी. काठ स्कॅन केला, एक पोपट ६०० बाय ६०० पिक्सेलात कापला, फोटोशॉपमध्ये डिफाइन पॅटर्न केलं, म्हणजे तो तुकडा पुन्हा पुन्हा छापायची नक्षी म्हणून साठवला, आणि भरलं. दोन पोपटांमध्ये भिंतीला तडा जावा तशी रेघ!

चूक माझीच, चित्र सरकवणारा ऑफसेट फिल्टर विसरलो. आडवे ३००, उभे ३००, खाली रॅप अराउंड, म्हणजे एका बाजूने बाहेर गेलेलं दुसऱ्या बाजूने आत येतं. कडा चित्राच्या मध्यात येतात आणि सांधा अधिकच्या चिन्हासारखा समोर दिसतो. तो क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा भाग उचलून त्यावर छापत, पुसायचा. मात्र बाहेरच्या कडांना हात लावायचा नाही, नाहीतर पुन्हा तेच.

पूर्वी मी एडिट मेनूतल्या फिलने भरायचो. मग गिऱ्हाईक म्हणणार, "पोपट जरा बारीक करा." की सगळं पहिल्यापासून. आता पॅटर्न फिल लेयर, म्हणजे नक्षीचा वेगळा थर, नंतरही बदलता येतो. त्याच्या थंबनेलवर, छोट्या चित्रावर, डबल क्लिक, स्केल ५० टक्के, झालं. मोठं करायला गेलं की मात्र काठाची जरी फुटते. तुकडा शेवटी पिक्सेलांचाच.

काकूंनी चष्मा वर करून स्क्रीन पाहिली. म्हणाल्या, "आमचा पोपट उजवीकडे बघतो हो." स्कॅन मीच आरशातल्यासारखा उलटा केला होता.