आभार कसले, असं विचारता म्हणून

चर्चमधल्या निरोपाच्या दिवशी मंडळीने मला सोलापुरी चादर पांघरली आणि मी माइकवर देवाचे आभार मानले. तेव्हापासून निदान दहाजणांनी विचारलं, "बाई, एवढं सगळं झाल्यावर मनापासून मानलेत का?" 'एवढं सगळं' म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत असतं. उत्तर ऐकायला मात्र कुणी थांबत नाही. म्हणून एकदाच लिहिते.

31 वर्षं संडे स्कूल आणि महिला मंडळ. पगार नाही. आमच्या गल्लीत अजून समजतात की मिशनचे पैसे येतात! रविवारी सकाळी साठ मुलं, निम्म्यांच्या घरात तेलुगू, काहींच्या कन्नड, आणि गाणी मराठी. पेटीवर आमचे हे. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरली की वर्ग अर्धा रिकामा. मी पहिली काही वर्षं रागवायची, मग स्वतःच चार मुलांना घेऊन पाळण्यात बसून आले. त्या रविवारी धडा झाला नाही. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगितलंही नाही.

आता ते सांगते.

2009 चा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन उपासना, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सातजण बोलणार, आणि पहिल्यांदाच पाचवा उद्गार मला दिलेला: 'मला तहान लागली आहे.' महिनाभर तयारी केली होती. हा उद्गार एकट्या योहानाच्या शुभवर्तमानात आहे, मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, असं सगळं काढून ठेवलेलं. त्या एका शब्दावर मी वीस मिनिटं बोलले. पंखे फिरत होते, पण वारा गरम होता. पुढच्या बाकावरच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या, आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

पाणी शनिवारी यायचं होतं. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी, तुम्हाला सांगायला नको. ते एक दिवस आधीच आलं. घरात सासूबाई एकट्या, वय 78, गुडघे गेलेले. गल्लीत "पाणी आलं" अशी हाक उठली आणि त्या कळशी घेऊन दारापुढच्या खड्ड्यातल्या नळाकडे निघाल्या. नळाला कळशी लावली, भरली, आणि उचलताना ओल्या शहाबादीवर पाय सरकला. खुबा मोडला. शेजारच्या पाणी ओढायच्या मोटारी चालू, त्या आवाजात त्यांची हाक कुणाला ऐकू जाणार?

आम्ही साडेतीनला आलो. त्या भिंतीला डोकं टेकून पडलेल्या, कळशी आडवी, आणि हातभर अंतरावर नळ वाहतोय. ओठ सुकलेले. मी ओरडत धावले तर म्हणाल्या, "आधी नळ बंद कर." रिक्षात म्हणाल्या, "तुझं बोलणं कसं झालं?"

मी उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

पुढच्या वर्षी मी मंडळीत साक्ष दिली, की या प्रसंगातून देवानं मला नम्रता शिकवली. लोकांनी 'आमेन' म्हटलं. आज ती साक्ष आठवली की कानशिलं तापतात. एका म्हातारीचा खुबा मोडून मला नम्रता शिकवायची, हा कुठला हिशोब? पण तेव्हाच्या मला फार बोलू नये. तिला काहीतरी म्हणून उभं राहायचं होतं.

कुणी म्हणालं, देवाच्या कामात होतात, देव बघून घेईल. कुणी म्हणालं, म्हातारं माणूस टाकून जायचंच कशाला? दुसरं बोलणाऱ्यांचा मला कमी राग आला.

चार महिने मी सगळं सोडलं होतं. परत का गेले, तर सासूबाईंनी हाकललं. "दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसू नकोस, मला त्रास होतो." त्या जुन्या अमेरिकन मिशनच्या वळणाच्या. 1970 साली नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आपल्याकडे बिशप आले, ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "पाळक आहे की, वर आणि बिशप कशाला?" अशा बाईला माझ्या अपराधीपणाचं काय कौतुक असणार! आणखी अडीच वर्षं जगल्या, वॉकरवर, भांडत.

आणि त्या चार महिन्यांत महिला मंडळाच्या बायका पाळी लावून येत होत्या. भांडं द्यायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची. त्यातल्या एकीशी माझं संडे स्कूलच्या नाताळच्या खर्चावरून तीन वर्षं बोलणं नव्हतं. ती रोज दुपारी यायची, सासूबाईंना शेंगाचटणी-भाकरी भरवायची आणि माझ्याशी न बोलता जायची. बोलणं अजूनही बेताचंच आहे.

तर हो, आभार मनापासून होते. ते देवाचे की त्या बायकांचे, हे मला वेगळं काढता येत नाही. पाळकांना विचारलं तर ते म्हणतात, वेगळं काढायचं कशाला. त्यांना सोपं आहे.

यंदा कमिटीनं फोन केला, "बाई, पाचवा उद्गार घ्याल का?" म्हटलं, त्या दिवशी पाणी आहे का, ते आधी पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारून सांगा.